गोधडी स्वतः शिवावी की शिवून घ्यावी: रोजच्या वापरानंतरचा अनुभव

पाच फूट रुंद आणि सात फूट लांब अशा तीन गोधड्या गेल्या पावसाळ्याच्या तोंडापासून आमच्या कुटुंबात रोज वापरल्या जात आहेत, दोन नाशिकच्या घरी आणि एक मुलीच्या पुण्यातल्या वसतिगृहात. तिन्हींचे कापड जवळजवळ सारखेच आहे. वरचा थर आईच्या आणि सासूबाईंच्या सुती साड्यांच्या तुकड्यांचा, मध्ये दोन जुन्या साड्या आणि खाली एका साडीचे मधोमध जोडलेले अस्तर, असे एकूण चार थर. तुकडे जोडण्याचे काम तिन्ही वेळा मीच घरच्या मशीनवर केले. फरक आहे तो हे चार थर एकत्र धरून ठेवणाऱ्या टाक्यांचा. पहिल्या गोधडीचे टाके मी स्वतः हाताने घातले, दुसरी गोधड्या शिवणाऱ्या एका बाईंकडे दिली आणि तिसरी रजया शिवणाऱ्या एका कारखान्यातून मशीनने शिवून आणली. पावसाळा, त्यानंतरची थंडी आणि आताचा उन्हाळा एवढ्या काळात या तिन्ही अंगावर घेतल्या, अंथरल्या, धुतल्या आणि वाळवल्या. स्वतः शिवावी की मजुरी देऊन शिवून घ्यावी, हा प्रश्न साड्यांचा गठ्ठा समोर घेऊन बसलेल्या प्रत्येकीला पडतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

प्रथम कामाचा आवाका लक्षात घ्यावा. पाचवारी साडीतून सात फुटांचे दोन पट्टे सहज निघतात आणि ते शेजारी शेजारी जोडले की एका थराचे कापड पुरून थोडे उरते. म्हणजे एकेरी गोधडीला कापडाचा प्रश्न फारसा येत नाही. प्रश्न येतो टाक्यांचा. एकेका इंचावर धावदोऱ्याची एक ओळ धरली, तर पाच फुटांच्या रुंदीत 60 ओळी बसतात. प्रत्येक ओळ सात फुटांची, म्हणजे एकूण 420 फूट, सुमारे 128 मीटर टाका झाला. इंचाला चार टाके धरले तर ही संख्या वीस हजारांच्या वर जाते. चार थरांतून सुई घालताना एका ओळीला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात, हे मी घड्याळ लावून पाहिले आहे. तेव्हा नुसत्या टाक्यांचेच वीस ते पंचवीस तास होतात, आणि त्यात अंथरणे, टाचणे, दोरा ओवणे आणि कडेची पट्टी लावणे धरलेले नाही. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या की हे सगळे दुप्पट होते.

स्वतः शिवलेल्या गोधडीबद्दल आधी सांगते. सुई मोठ्या नेढ्याची, पण अंगाने बारीक घेतली. दाभणाने काम लवकर होते खरे, पण वापरून विरत आलेल्या साडीला त्याची भोके पडतात आणि ती धुतल्यावरही बुजत नाहीत. दोरा सुती, दुपदरी आणि मेणावरून ओढून घेतलेला होता. मेण लावलेल्या दोऱ्याला गाठी कमी पडतात आणि जाड थरांतून ओढताना तो पिंजत नाही. सुईवर तीन-चार टाके घेऊन एकदम ओढायचे तंत्र हाताला बसले की काम पुष्कळ सुकर होते. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, मात्र हवेच. चार थर आणि त्यात तुकड्यांच्या जोडाची शिवण आली की सुईचे बूड बोटाला चांगलेच टोचते.

ही गोधडी अंगाला सर्वांत मऊ लागते. हाताच्या टाक्यात दोरा कापडाला किंचित सैल धरतो, त्यामुळे धुतल्यावर दोन ओळींच्या मधे बारीक फुगीर पट्ट्या उठतात आणि गोधडी अंगासरशी पडते. डिसेंबरच्या थंडीत ती एकटी पुरत नाही, वर चादर घ्यावी लागते. पण पावसाळी रात्री आणि फेब्रुवारीनंतरच्या पहाटे तिच्यासारखे पांघरूण नाही, कारण सुती असल्यामुळे ती घाम शोषून घेते. दुरुस्तीलाही ती सोपी आहे. पलंगाच्या कोपऱ्यात अडकून एका जागी दोरा तुटला, तेव्हा आजूबाजूचे चार-पाच टाके ढिले झाले, पण शेजारच्या ओळींनी कापड धरून ठेवले होते. त्याच रंगाचा दोरा घेऊन तेवढीच जागा पुन्हा शिवली आणि आता ती ओळखूही येत नाही.

तिचा उणेपणा पहिल्या धुण्यानंतर दिसला. तिन्ही गोधड्या वाळल्यावर मी टेपने दोन्ही कर्ण मोजले. शिवणकाम चौकोनी राहिले आहे की तिरके गेले आहे, हे पाहण्याची ती सर्वांत साधी पद्धत आहे. माझ्या गोधडीच्या दोन कर्णांत दीड इंचाचा फरक निघाला आणि एका कडेला अस्तराचा किंचित झोळही हाताला लागला. बाईंनी शिवलेल्या गोधडीचे कर्ण जवळजवळ बरोबरीचे होते आणि तिच्यात झोळ कुठेच नव्हता. त्यांचे टाके पाहिले तर ते माझ्याहून लांब आहेत, आणि त्यांनी ओळी बोटभर अंतरावर, डोळ्यांच्या अंदाजाने टाकल्या आहेत. तरीही त्यांची गोधडी सपाट बसते. याचे कारण मला त्यांचे काम जवळ बसून पाहिल्यावर कळले, आणि या सगळ्या अनुभवातून काही शिकायचे असेल तर ते हेच आहे असे मला वाटते.

बाई आणि त्यांच्या जाऊबाई आमच्या हॉलमध्येच बसल्या होत्या. फरशी पुसून घेऊन त्यांनी अस्तर उलटे अंथरले आणि त्याचे चारही कोपरे धान्याच्या डब्यांखाली दाबले. मग एक साडी पसरली. दोघी समोरासमोर बसून तिची टोके एकाच वेळी ओढत होत्या आणि तळहात कापडावरून मधून बाहेरच्या बाजूला फिरवत होत्या. एका ठिकाणी मला काहीच दिसत नव्हते, पण बाईंच्या हाताला कापड सुटलेले लागले. त्यांनी तेवढ्यासाठी तो अख्खा थर उचलला आणि पुन्हा पसरला. दुसरी साडी टाकताना तिची जोडणी पहिलीच्या जोडणीवर येणार नाही हे पाहिले, कारण दोन्ही जोड एकावर एक आले की तिथे कायमची कड उठते. चौथा थर बसल्यावर वितीवितीच्या अंतराने कच्चे टाके, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवणारे आणि नंतर काढून टाकायचे टाके, घातले आणि त्यानंतरच कोपऱ्यांवरचे डबे हलवले. टाके घालायला बसल्या त्या थेट गोधडीवरच. माणसाच्या वजनाने खालचे थर जागचे हलत नाहीत. सुरुवात काठापासून करून त्या चारी बाजूंनी फिरत आत गेल्या. टाक्यांचे मी कौतुक केले तेव्हा बाई म्हणाल्या, “ताई, टाका कोणी पण घालीन. कापड बसलं पाहिजे.”

गोधडी मांडीवर घेऊन, टीव्हीसमोर किंवा खिडकीशी बसून शिवली की प्रत्येक वेळी थर थोडे थोडे सरकतात. कच्चे टाके लांब आणि दूर असतील तर ते हे सरकणे थांबवू शकत नाहीत. टाक्यांची सफाई सरावाने येते आणि एका हिवाळ्यात कुणालाही येईल. चार वेगवेगळ्या वयाच्या आणि विणीच्या साड्या एकाच ताणावर बसवणे हे मात्र खरे कसब आहे. इरकलीचे जाड सूत, वायलचा झिरझिरीत पोत आणि यंत्रमागाच्या साडीचा कडक काठ यांचा ताण वेगवेगळा असतो. ते हाताला कळायला वर्षे लागतात. मजुरी आपण टाक्यांची देतो असे समजतो, पण तिच्यातला मोठा वाटा या अंथरण्याचा आणि टाचण्याचा आहे.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले होते आणि त्यांतले अनेक पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गे इथे पोहोचले. त्यांची रीत थर सरकण्याच्या या प्रश्नाला वेगळेच उत्तर देते. वरचा थर आधी जोडून ठेवायचा नाही. काठापासून टाके घालत आत जायचे आणि टाका जिथे पोहोचेल तिथे पुढचा तुकडा ठेवून त्याला शिवणीत घ्यायचे. वरचे कापड एकसंध नसल्यामुळे त्याला गोळा व्हायला वावच राहत नाही. घरी एकटीने शिवायचे असेल आणि तुकड्यांच्या नेमक्या आकृतीचा आग्रह नसेल, तर मला ही रीत सर्वांत शहाणपणाची वाटते. मी एक लहान दुपटे या पद्धतीने करून पाहिले आणि ते उत्तम सपाट आले.

आता मशीनवर शिवलेल्या तिसऱ्या गोधडीकडे येते. घरच्या शिलाई मशीनवर हे काम का होत नाही, हे आधी सांगायला हवे. सुईच्या उजवीकडे मशीनच्या कमानीत जेमतेम सात-आठ इंचांची जागा असते. चार थरांची पाच फुटी गोधडी गुंडाळून त्या जागेत सारायची, ती वळवायची आणि तिचे वजन हाताने तोलायचे, हे एकेरी गोधडीपुरते कष्टाने जमेल, दुहेरीला जमणार नाही. शिवाय कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या साध्या पायाखाली खालचे कापड दात्यांनी पुढे ओढले जाते आणि वरचे मागे राहते, त्यामुळे आडव्या-उभ्या ओळी जिथे एकमेकींना छेदतात तिथे चुण्या पडतात. म्हणून मी ती कारखान्यात दिली. त्यांनी तीन इंचांच्या शंकरपाळी चौकटी घालून दोन दिवसांत परत केली आणि मजुरी 700 रुपये घेतली. दिसायला तिन्हींत हीच सर्वांत नेटकी आहे.

ही गोधडी माझी मुलगी पुण्यात वसतिगृहात वापरते. तिथल्या धुण्याला ती टिकली आहे, लवकर वाळते आणि घडी घालून पेटीत नीट बसते. मुलीला ती पसंत आहे आणि तिचे मत मी इथे मुद्दाम नोंदवते, कारण जिच्याजवळ धुण्या-वाळवण्याला ना वेळ आहे ना जागा, तिच्या दृष्टीने हेच गुण महत्त्वाचे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत तिने ती घरी आणली तेव्हा मी ती उजेडात धरून पाहिली. सासूबाईंच्या एका वायल साडीच्या तुकड्यावर मशीनची ओळ गेली होती आणि तिथे कापड डाकतिकिटाच्या कडेसारखे टाक्यांच्या भोकांवरून उसवू लागले होते. दोरा पॉलिएस्टरचा होता आणि तो जसाच्या तसा शाबूत होता. जुन्या, विरलेल्या सुतावर त्याच्याहून बळकट दोरा घातला की ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड फाटते. हाताच्या शिवणीत नेमके उलटे होते. तिथे आधी सुती दोरा तुटतो आणि कापड वाचते. कारखान्याने काम वाईट केले असे मी म्हणणार नाही. त्यांचे मशीन आणि त्यांचा दोरा नव्या कापडासाठी आहे. नवे मांजरपाट किंवा नवे छापील सुती कापड घेऊन मध्ये कापसाचा किंवा फायबरचा थर घालायचा असेल, तर मी आजही मशीनकडेच जाईन, कारण तिथे टाक्यांना घट्टपणा आणि सारखेपणा लागतो. फक्त नवे सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, खळ काढून, वाळवून मगच द्यावे. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि वरचा थर सैल पडतो. जुन्या साड्यांना ही भीती नसते, त्या अनेक वर्षांत आटून झालेल्या असतात.

धुण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अशी गोधडी कोरडी असताना साधारण दीड किलोची भरते, त्यामुळे घरच्या धुण्याच्या मशीनमध्ये मावते. तिन्हींचे रंग आधी साड्या म्हणून अनेक वेळा धुतलेले असल्यामुळे उतरले नाहीत. पावसाळ्यात हातशिवणीच्या दोन्ही गोधड्या वाळायला मशीनवर शिवलेल्या गोधडीपेक्षा एक दिवस जास्त लागला, एवढाच फरक.

मजुरीचा विषय जरा थांबून बोलण्यासारखा आहे. बाईंनी एकेरी गोधडीचे 1,500 रुपये घेतले. काहींना हे जास्त वाटते, कारण तेवढ्यात बाजारात तयार ब्लँकेट मिळते. पण वर मांडलेला वीस हजार टाक्यांचा हिशेब समोर ठेवला आणि दोघींच्या बसण्याचे तास मोजले, तर तासाला शंभर रुपयेही पडत नाहीत. पाठ वाकवून फरशीवर बसण्याचे हे काम आहे. डोळे आणि गुडघे दोन्हींवर त्याचा परिणाम होतो आणि नव्या मुली या कामाकडे येत नाहीत असे बाईच सांगत होत्या. यात घासाघीस करणे मला पटत नाही. उलट ज्यांना दुहेरी गोधडी शिवून घ्यायची आहे त्यांनी मजुरी जवळजवळ दुप्पट होईल हे धरूनच चालावे. नव्वद इंच रुंद आणि शंभर इंच लांब गोधडीत इंचावर ओळ धरली तरी 750 फूट टाका जातो.

अमेरिकेत याच कामाची वेगळी व्यवस्था आहे. तिकडे अनेक जणी तुकडे जोडून वरचा थर घरी तयार करतात आणि टाके घालण्यासाठी ‘लाँगआर्म’ मशीन असलेल्या कारागिराकडे पाठवतात. त्या मशीनला दहा-बारा फूट लांबीची चौकट असते, अस्तर रुळांवर ताणून बसवतात आणि कापड जागेवर राहून मशीनचे डोके त्याच्यावरून फिरते. मजुरी चौरस इंचावर आकारतात आणि अस्तर चारही बाजूंनी साधारण चार इंच मोठे मागतात, कारण ते रुळांवर धरायला जागा लागते. माझे लक्ष वेधले ते एका गोष्टीने. ज्यांना टाके हातानेच घालायचे असतात, त्यांच्यासाठी यांतले काही कारागीर त्या चौकटीवर नुसते लांब कच्चे टाके घालून देतात. म्हणजे तिथेही थर ताणून बसवण्याचे काम वेगळे विकत मिळते आणि घेणारे ते घेतात.

हे समजल्यावर चौथ्या गोधडीच्या वेळी मी बाईंना तेवढेच विचारले: अंथरून आणि टाचून द्याल का, टाके मी घालीन. असे कुणी आजवर मागितले नसल्यामुळे त्यांना थोडे नवल वाटले, पण त्या तयार झाल्या. दोघींनी एका दुपारी थर बसवले. मी सांगितल्याप्रमाणे कच्चे टाके चार बोटांच्या अंतराने, नेहमीपेक्षा बरेच दाट घातले आणि त्याचे 400 रुपये ठरले. ते टाके मुद्दाम गडद लाल दोऱ्याने घालून घेतले, म्हणजे नंतर काढताना कच्चा आणि पक्का दोरा यांत गोंधळ होत नाही. त्यानंतर संध्याकाळी सवडीने मी ओळी घालत गेले. कच्चे टाके दाट असल्यामुळे गोधडी मांडीवर घेतली तरी थर सरकले नाहीत आणि ओळ पक्की होईल तसतसे ते उसवत गेले. ही गोधडी संक्रांतीच्या सुमारास वापरात आली. तिच्या दोन कर्णांतला फरक बोटाच्या पेरापेक्षा कमी आहे आणि झोळ कुठेही नाही. टाके माझेच असल्यामुळे ती पहिलीइतकीच मऊ आहे.

ज्यांना हाताने शिवण्याची आवड आहे, पण मोठी फरशी, सोबतीला दुसरी व्यक्ती किंवा पाठीची ताकद नाही, त्यांनी याच मार्गाने जावे असे मी मनापासून सुचवते. शिवणाची आवड नाही आणि साड्या मात्र मऊ, जुन्या, जपण्यासारख्या आहेत, अशांनी पूर्ण गोधडी बाईंकडे द्यावी. त्या साड्या मशीनखाली घालू नयेत. बाळाचे दुपटे मात्र कुणाकडे देण्याची गरज नाही. तीन फुटी चौकोन एका पाटावर बसून नीट ताणता येतो आणि त्यात चुकायला फारसे काही नसते. सिंथेटिक साड्या कोणत्याच पद्धतीने गोधडीत घालू नयेत. त्या सरकतात, घाम शोषत नाहीत आणि शेजारच्या सुती थराला कधीच घट्ट बसत नाहीत.

काम देताना दोन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. दोरा आपण द्यावा, सुती आणि एकाच लडीतला, कारण पुढे दुरुस्ती करायची झाली तर तोच दोरा घरात असणे फार उपयोगाचे ठरते. मी प्रत्येक गोधडीचा उरलेला दोरा एका पुडीत बांधून अस्तराच्या एका कोपऱ्यात शिवलेल्या छोट्या खिशात ठेवते. आणि कडेची पट्टी कोण लावणार हे ठरवून घ्यावे. बाई काठ दुमडून शिवतात, वेगळी पट्टी लावत नाहीत. डोक्याकडची कड सर्वांत आधी झिजते, म्हणून तिथे मी जाड काठाची पट्टी वरून हाताने लावते, म्हणजे ती विरली की तेवढीच बदलता येते.